यादीतलं शेवटचं नाव

शाळेच्या संगीताच्या खोलीला अजून तोच वास आहे. दमट भिंतीवरच्या चुन्याचा, खडूच्या भुकटीचा, सतरंजीत मुरलेल्या पावसाळ्यांचा, आणि या सगळ्याच्या तळाशी पेटीतल्या पितळी सुरांचा, हिरवट, जिभेला आंबट लागेल असा. खिडकीतून पूर्वी समुद्राची एक पट्टी दिसायची. आता तिथे तीन मजली इमारत आहे आणि गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या. वास मात्र कुणाला बदलता आलेला नाही.

समारंभाच्या तासभर आधीच मी तिथे जाऊन बसलो होतो. वासंतीबाईंच्या निवृत्तीचा समारंभ. पत्रिका शाळेच्या शिपायाने घरी आणून दिली, आणि मागच्या कोऱ्या बाजूला तिच्या अक्षरात तीन शब्द होते : "मास्तर, जरूर यावं." अडतीस वर्षांत तिने मला लिहिलेले हे पहिले शब्द. जायचं नाही असं म्हणत मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला आणि निघालो. मनात भाषण तयार होतं. जुने शिक्षक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगतील, आणि मग मी भर सभेत सांगेन की ही नोकरी मुळात कुणाची होती.

सतरंजीवर बसल्यावर मात्र भाषण आठवेना. नको ते आठवायला लागलं.

आमचं गाव संगमेश्वरकडे आत, डोंगराच्या पोटात. वडील मुंबईला गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे तेवढेच. गावात दाजी म्हणून एक म्हातारा पेटीवाला होता. तरुणपणी नाटक कंपनीबरोबर गाव सोडून गेला आणि उतारवयात एक पेटी आणि एक खोकला घेऊन परत आला. मला पेटी शिकायची होती. द्यायला माझ्याकडे दोन हात होते. मी सरळ जाऊन विचारलं, "दाजी, मी तुमचं एक खाचर लावतो, तुम्ही मला एक राग द्या."

दाजीने माझे हात उलटून पाहिले. "भात नासवलास तर?"

"तर रागही नासका द्या."

त्या पावसाळ्यात मी तीन खाचरं लावली. भूप मिळाला, सारंग मिळाला, आणि भीमपलास अर्धाच मिळाला, कारण तिसरं खाचर लहान होतं असं दाजीचं म्हणणं. मी भांडलो, पावलांनी खाचर मोजून दाखवलं. तो खोकत खोकत हसला आणि उरलेला अर्धा पुढच्या कापणीला दिला. अजूनही भीमपलास वाजवायला घेतला की अंतऱ्याशी मला कापलेल्या भाताचा वास येतो. पोटऱ्यांना चिकटलेला चिखल, विळ्याची गार मूठ, आणि बांधावर बसून हवेत बोटं नाचवणारा तो म्हातारा.

ऐंशीच्या सुमारास मी रत्नागिरीत आलो. दाजी वारला तेव्हा त्याची पेटी मला मिळाली होती. तिच्या भात्याला सहा ठिगळं होती आणि वरच्या सप्तकातले दोन सूर मुके होते. त्या पेटीवर मी सबंध जिल्हा पालथा घातला. शिमग्यात नमनाचे खेळ, श्रावणात भजनं, गणपतीत जाखडीचे नाच, आणि वैशाखात गावोगावच्या पूजेची नाटकं. नाटकात गवळण गाणारा गडी मुंबईहून आदल्या दिवशी यायचा. त्याचा आवाज कुठल्या पट्टीत आहे हे त्याला ठाऊक नसायचं. तो जिथे चढेल तिथे मी पेटी घेऊन चढायचो. माणसाच्या मागे मागे जाणं हा माझा धंदा. लोकांना दिसतो गाणारा. त्याच्या पायाखालची वाट कुणी धरून ठेवली आहे ते दिसत नाही.

एसटीत दर वेळी भांडण व्हायचं. कंडक्टर म्हणायचा, पेटी टपावर टाका. मी म्हणायचो, टपावर बोकड टाका.

"मास्तर, सीट माणसांसाठी असते."

"हिचं अर्धं तिकीट फाडा. बारा वर्षांच्या आतली आहे."

पेटीचं वय खरं म्हणजे पन्नासच्या पुढे होतं. पण अर्ध्या तिकिटावर ती माझ्या शेजारी खिडकीशी बसून चिपळूणपर्यंत जायची, तिथून अलोऱ्याला. अलोऱ्याला धरणाच्या कॉलनीत माझा रविवारचा वर्ग होता. एकसारखी घरं, एकसारख्या बागा, आणि साहेबांच्या मुली. त्या पाठ केल्यासारखं गायच्या आणि सहा वाजले की वह्या मिटायच्या. परतीच्या गाडीत मला फार एकटं वाटायचं. का ते तेव्हा कळत नव्हतं. इतके सूर शिकवून एकही सूर मागे राहिलेला नसायचा.

माघात हेदवीला उत्सव असायचा. जयगडची खाडी होडीने ओलांडायची. पेटी घोंगडीत गुंडाळून मी मांडीवर घट्ट धरायचो, कारण खारं पाणी पेटीचा काळ. एकदा मासळीची पाटी घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाळ निजलाय काय वो?"

"निजलंय. उठवू नका."

"बाप बरा मिळालाय त्येला," ती म्हणाली, आणि सगळी होडी हसली. मी हसलो नाही. तेव्हा मला बायको नव्हती, मूल नव्हतं, आणि नंतरही झालं नाही. पावसाळ्याचे चार महिने मी त्या पेटीला लाकडी खोक्यात ठेवायचो, आत ओल धरू नये म्हणून झीरोचा दिवा लावून. पट्ट्या फुगल्या की दाबलेला सूर वर येत नाही, ओरडतच राहतो. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि खोलीच्या कोपऱ्यात खोक्याच्या फटींमधून पिवळा उजेड झिरपत असायचा. त्या उजेडाकडे बघत मी जेवायचो.

या शाळेत मी सात वर्षं तासावर शिकवलं. कायम नव्हे, तासावर. सकाळी दोन, दुपारी एक. मुलांना समूहगीतं, स्वागतगीतं, पाहुणे आले की ईशस्तवन. मी मास्तर होतो, पण शिक्षकांच्या खोलीत मला खुर्ची नव्हती. चहा यायचा तो संगीताच्या खोलीत, दाराशी ठेवून शिपाई जायचा.

वासंती इथेच आली. आणली तिच्या आईने, भागीकाकीने. भागीकाकी बंदरावर मासे विकायची. टोपली मागच्या दाराशी ठेवून ती आत आली, लुगड्याला हात पुसले, आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला माझ्यासमोर ढकललं.

"मास्तर, हिला शिकवा. घरात गाताय, जाळ्यावर बसून गाताय. मारून बघितला. आवाज बंद होत नाय."

"मग इथे आणून काय करू? मी पण मारू?"

"मारा. पन सुरात मारा."

माझ्या शिकवणीच्या बदल्यात काय, यावर आमची अर्धा तास घासाघीस झाली. ती म्हणे आठवड्याला एकदा बांगडे. मी म्हटलं दोनदा, आणि बांगडे नकोत, सौंदाळे. ती म्हणाली, "मास्तर, तुमी पेटी वाजवता का बाजार करता?" शेवटी एकदा सौंदाळे, एकदा जे जाळ्यात येईल ते, यावर मिटलं. तोपर्यंत पोरगी खिडकीशी उभी राहून समुद्राकडे बघत होती. मी पेटीवर काळी चार दाबली आणि म्हटलं, "सा लाव गो." तिने लावला.

भागीकाकीने विचारलं, "बरा हाय काय?" मी म्हटलं, "बघू." इतकी वर्षं भाव करून एक गोष्ट शिकलो होतो, माल आवडला तर चेहऱ्यावर दाखवायचं नाही.

सहा वर्षं शिकवलं. तिच्या केसांना खोबरेल आणि मासळी या दोन्हींचा वास यायचा. बाकीच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. एकदा एकीने लावला तेव्हा मी तिला म्हटलं, "हिच्या घरची मासळी तुझ्या पोटात आहे, रुमाल तिथे लाव." ती मुलगी पुन्हा वर्गाला आली नाही. वासंती मात्र रोज आली. दाजीने मला जे खाचरांवर मोजून दिलं होतं ते मी तिला न मोजता दिलं. हे माझ्या स्वभावात बसणारं नव्हतं.

मग ते वर्ष आलं. शहाऐंशी असावं. शाळेला संगीतशिक्षकाची कायम जागा मंजूर झाली. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि पहिल्यांदा समोर बसायला खुर्ची दिली.

"मास्तर, जागा तुमचीच. पण गायनातलं विशारद लागेल. जूनच्या आत कागद हातात हवा. नाहीतर मला दुसरं नाव पाठवावं लागेल."

माझ्याकडे कागद नव्हता. दाजी कुठले कागद देणार? वैशाखात शाळेतच परीक्षेचं केंद्र होतं. देशावरून परीक्षक यायचे होते, तीस विद्यार्थी बसणार होते, आणि त्या सगळ्यांना साथ करायला गावात पेटी धरणारा एकच माणूस होता. तो मी. मी तिथेच सौदा केला. दिवसभर सगळ्यांची साथ मी करीन, पण माझं नाव यादीत मला हवं तिथे लागेल.

"कुठे हवं?"

"शेवटी."

मुख्याध्यापक म्हणाले, "अहो, दमाल. सकाळीच उरकून घ्या."

मी ऐकलं नाही. माझा हिशेब पक्का होता. सकाळपासून परीक्षकांच्या कानात माझी पेटी जाणार. तीस आवाजांच्या मागे तीस वेळा मी असणार. दिवस संपताना त्यांना माझ्याबद्दल काही विचारायचं उरणारच नाही. आणि माझ्या आधीचं नाव मी वासंतीचं लावून घेतलं, तीही विशारदलाच बसत होती. माझी सर्वांत चांगली शिष्या त्यांच्या कानात ताजी असतानाच मी पुढे बसणार. इतकी चोख मांडणी मी आयुष्यात दुसरी केली नाही.

वैशाखातला दिवस. हॉलच्या पत्र्याखाली हवा उकळत होती. बाहेर कुणीतरी आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होतं आणि पेंढ्याचा, पिकत्या आंब्याचा वास खिडक्यांतून आत येत होता. परीक्षक साठीचे, गोरे, घाम पुसून पुसून लाल झालेले. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, "साडेपाचची कोल्हापूरची गाडी आहे. शेवटची आहे. ती चुकवून चालायची नाही." मुख्याध्यापकांनी मान हलवली. मीही हलवली.

सकाळी नऊपासून पोरं येत होती, थरथरत होती, जात होती. कुणाचा आवाज चिरकायचा, मी खालचा सूर धरून त्याला झाकायचो. कुणी ताल सोडायचा, मी ओळ पुढे नेऊन त्याला उचलून समेवर ठेवायचो. दुपारी जेवायलाही उठलो नाही. परीक्षक एकदा म्हणाले, "मास्तर, मार्क तुम्हाला द्यायचे का पोरांना?" मला वाटलं, जमलं.

सव्वाचार वाजून गेले होते. वासंती बसली. निळी सुती साडी, बहुतेक नवीन, घडीची रेघ तशीच. तिने मुलतानी धरला. वेळही मुलतानीचीच होती, उन्हं कलायला लागलेली. तिला वीस मिनिटं होती, पावणेपाचपर्यंत. मग मी.

मुलतानीतला गंधार पेटीवर सापडत नाही. तो मध्यमाचा हात धरून, हेलकावत, अर्ध्या वाटेवर येऊन थांबतो. पेटीची पट्टी त्याच्यापेक्षा ताठ. शिकवताना मी तिला नेहमी सांगायचो, "या एका जागी माझ्याकडे बघू नको, मी चूक आहे." त्या दिवशी ती तिथे पोचली आणि मी पट्टीवरून बोट उचललं. पेटीने फक्त षड्ज धरला होता आणि त्या सबंध तापलेल्या हॉलमध्ये तो गंधार एकटा उभा राहिला. बाहेरचे खिळे ठोकायचे थांबले. खरंच थांबले, की मला ऐकू यायचे थांबले, ते आता सांगता येणार नाही. परीक्षकांनी डोळे मिटले होते. तबल्यावरच्या गड्याने ठेका इतका हलका केला होता की पानावर पाणी पडावं.

ती समेवर यायची, मी मुखडा धरायचो, ती पुन्हा उठायची. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी ती थांबली, मी थांबलो, आणि परीक्षकांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला तो मला.

"वाजले किती?"

पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

ते धडपडत उठले. कागद गोळा केले. मी म्हटलं, "साहेब, माझं राहिलंय." त्यांनी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मास्तर, तुमची पेटी दिवसभर ऐकली. पण कागदावर गायन लिहिलंय. ऐकल्याशिवाय सही कशी करू? पुढच्या सत्राला बसा."

मी त्यांच्या मागे स्टँडवर गेलो. बॅग मीच उचलली होती. वाटेत मी भाव करत होतो. दहा मिनिटं ऐका. पाच मिनिटं ऐका. गाडीत बसतो, हातखंब्यापर्यंत येतो, तिथवर गातो, मग उतरतो.

"गाडीत? तबला नाही, तंबोरा नाही?"

"मला लागत नाही."

ते हसले. त्यांना ती थट्टा वाटली असावी. त्या हसण्याने माझं डोकं गेलं. गाडीच्या दाराशी, चढणाऱ्या-उतरणाऱ्या लोकांत, मी त्यांना नको ते बोललो. तुमच्या सहीला आमच्याकडे कुत्रं विचारत नाही, असंही बोललो, आणि खिशातली परीक्षेची पावती फाडून त्यांच्या पायाशी टाकली. कंडक्टरने घंटी मारली. गाडी गेली. डिझेलच्या धुरात मी उभा राहिलो आणि कुणीतरी शेंगदाण्याची पुडी घेता का म्हणून विचारत राहिलं. पुढच्या सत्राला मी बसलो नाही. कुठल्याच सत्राला बसलो नाही. जे फाडलं ते फाडलं.

वासंती पहिल्या वर्गात पास झाली. जूनमध्ये मुख्याध्यापकांनी तिचं नाव पाठवलं.

ती आईला घेऊन माझ्या खोलीवर आली. पाऊस होता. भागीकाकी दारातच पागोळीखाली उभी राहिली, आत येईना. वासंतीने वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मास्तर, तुम्ही नको म्हणालात तर मी नाही घेत."

मी पेटीच्या खोक्यातला दिवा नीट करत होतो. तिच्याकडे न बघता म्हटलं, "घे. त्या दिवशी वेळेवर थांबली असतीस तर मी घेतली असती."

दारातून भागीकाकी म्हणाली, "मास्तर, पोर हाय वो ती." दोघी गेल्या. टोपलीतले सौंदाळे उंबऱ्याशी केळीच्या पानात ठेवून गेल्या होत्या. मी ते शेजारणीला देऊन टाकले.

माझं काही अडलं नाही. जांभ्याच्या दोन खोल्या बांधल्या, पेट्या दुरुस्त करायला लागलो, चार तालुक्यांतून पेट्या माझ्याकडे यायच्या. पुढे नमनवाल्यांनी कीबोर्ड घेतले, भजनवाल्यांनी घेतले, गवळणीला वीज लागायला लागली. वैशाखातली नाटकं एकेक करून बंद झाली. लोट्याचे कारखाने आले, पोरं पाळीवर जायला लागली, तालमीला कोण येणार? या सगळ्याची मी फार हळहळ केली नाही. माझी हळहळ एकाच ठिकाणी गुंतली होती. एवढंसं गाव. समोरून वासंती येताना दिसली की मी रस्ता ओलांडायचो. बाजारात भागीकाकी न विचारता माझ्या पिशवीत मासा टाकायची आणि भाव सांगायची नाही. मी तिच्याकडून घेणं बंद केलं. ती गेली तेव्हा मी स्मशानाच्या वळणापर्यंत गेलो आणि तिथून परतलो. जो भेटेल त्याला मात्र मी सांगत राहिलो, पोरीने माझा घास काढला. वीस मिनिटं माझी होती, तिने खाल्ली.

हे सगळं आठवत मी खोलीत बसलो होतो तेव्हा ती आत आली. केस पांढरे, चष्मा, खांद्यावर समारंभाची शाल नीट बसत नव्हती. तिने आधी नमस्कार केला. मग माझ्यासमोर सतरंजीवर बसली, पूर्वी बसायची तिथेच, आणि तितकीच ताठ.

"तुम्ही यावं असं वाटत होतं," ती म्हणाली. "एक विचारायचं राहिलंय. आज नाही विचारलं तर राहीलच."

"विचार."

"त्या दिवशी तुम्ही थांबला का नाहीत?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "मी? गात तू होतीस. साथ करणारा गाणाऱ्याच्या आधी थांबतो कधी?"

"आणि शिष्य गुरूच्या आधी?" तिचा आवाज चढला नाही. "मी तीनदा संपवायला आले, मास्तर. तीनदा समेवर येऊन सूर खाली ठेवला. दर वेळी तुम्ही पुन्हा मुखडा धरलात. वर्गात सहा वर्षं तुम्ही सांगितलं होतं, पेटी वाजतेय तोवर गायचं, पेटी बंद झाली की बंद. मी तुमच्याकडे बघत होते. मला वाटलं, तुम्हाला हवंय. तुम्हाला माहीत असेल किती वाजले ते. माझी तर घड्याळाकडे पाठ होती."

बाहेर मुलं स्वागतगीताची तालीम करत होती. कुणीतरी त्यांना फार वरच्या पट्टीत सुरू करून दिलं होतं.

बोलायला माझ्याकडे नेहमी काहीतरी असतं. तेव्हाही होतं. म्हणता आलं असतं, मला भान राहिलं नाही. कलावंताचं भान हरपतं, हे लोकांना आवडतं, तिलाही पटलं असतं. पण तिच्या त्या ताठ बसण्यासमोर ते जिभेवर येईना.

"घड्याळ माझ्यासमोर होतं," मी म्हटलं. "पावणेपाचला मी बघितलं. नंतर दोनदा बघितलं. तू सूर खाली ठेवलास ते मला कळलं होतं. पेटी मी सोडली नाही."

"का?"

"तो गंधार अजून एकदा ऐकायचा होता."

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा माझ्या पाया पडेल, किंवा म्हणेल की जाऊ दे मास्तर. मनातल्या मनात मी त्याचीही तयारी केली. कसं क्षमा केल्यासारखं करायचं, कसं उठायचं. तिने चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"अडतीस वर्षं मी या खोलीत चोरासारखी शिकवत आले," ती म्हणाली. "पगार घेताना, बढती घेताना. पोरांना मुलतानी कधी शिकवला नाही. आई जाताना विचारत होती, मास्तर बोलला काय. एवढंच तेव्हा सांगितलं असतंत."

"वासंती..."

"एवढंच," ती म्हणाली.

शिपाई दारात आला. "बाई, पाहुणे आलेत. तुम्हाला बोलावतायत. मास्तर, तुम्हाला पण."

ती उठली. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो. सतरंजीवरून उठायला मला आता वेळ लागतो. एका पायाला मुंग्या आल्या होत्या. शिकत होती तेव्हा वर्ग सुटला की ती दाराशी बाजूला उभी राहायची. मी उंबरा ओलांडेपर्यंत तिने कधी पाऊल बाहेर टाकलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशीसुद्धा, त्या सगळ्या धावपळीत, ती हॉलच्या दाराशी थांबली होती आणि मी परीक्षकांची बॅग घेऊन धावत तिच्यासमोरून गेलो होतो. मी भिंतीला धरून उभा राहिलो, सदरा नीट केला आणि दाराकडे पाहिलं.

ती बाहेर पडून व्हरांड्याच्या टोकाशी पोचली होती.